दानियेल मास्तरांनी भरलेली जागा

दानियेल मास्तर कविता बसून वाचत नसत. पुस्तक उघडलं की ते उठत, वर्गाच्या एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे चालू लागत आणि प्रत्येक ठोक्याला एक पाऊल टाकत. ओळ नीट बसलेली असली की ते बरोबर दाराशी पोचत. कवीनं मध्ये कुठं मात्रा खाल्ली असली, की वर्गाच्या मधोमध एक पाय उचलून उभे राहत आणि आम्हाला म्हणत, "बघा रे, या गृहस्थानं मला लंगडं करून सोडलं."

धुळ्याच्या मिशनशाळेत मी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलो आणि पुढं त्याच शाळेत त्यांच्या हाताखाली शिकवायला लागलो. मला जे काही मराठी येतं ते त्यांच्यामुळं. माझं लग्न त्यांनी जुळवलं, माझ्या थोरल्या मुलीचं नाव त्यांनी ठेवलं. आणि ते गेले तेव्हा त्यांच्या मयताला मी गेलो नाही. लोकांना ताप आल्याचं सांगितलं. ताप वगैरे काही नव्हता. मी अजून रागावलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्यांची तारीफ करू लागलो तर ती तोंडदेखली आहे असं कुणी समजू नये.

तारीफ करण्यासारखाच माणूस होता. अंगानं काटकुळे, उंच, अंगात बारा महिने एकच काळा कोट. कोटातून सदऱ्याच्या बाह्या दोन बोटं बाहेर आलेल्या असत आणि त्या बाह्यांवर पेन्सिलीनं लघु-गुरूच्या खुणा केलेल्या असत. शिरपूरच्या बाजारात एखादी बाई वांगी विकताना लयीत ओरडली, की मास्तर तिथंच थबकायचे आणि तिची आरोळी बाहीवर उतरवून घ्यायचे. पत्र्याच्या डब्यावर ठोके देणारा कल्हईवाला, मेंढरं हाकणारा ठेलारी, सगळे त्यांच्या बाहीवर यायचे. त्यांची बायको लीयाबाई धुणं धुताना म्हणायची, "लोकांचे नवरे घामानं सदरे मळवतात, आमचे मात्रांनी." मास्तरांना हे फार आवडे. पाहुणा आला की ते मुद्दाम तिला तेच पुन्हा बोलायला लावत.

"कान आधी, कागद मागून," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. छंदाच्या पुस्तकांना ते नावं ठेवत नसत, पण त्यांना जागेवर ठेवत. म्हणत, "पिंगळ म्हणजे तलाठी रे. शेत पेरतो दुसराच. हा नंतर साखळी घेऊन मोजायला येतो."

आमच्या चर्चमध्ये तेव्हा दोन तऱ्हेची गीतं गायली जात. एक विलायती चालीची. मिशनच्या मडमबाई पायपेटीवर ती वाजवत. त्या गीतांच्या डोक्यावर आकडे छापलेले असत, कुठल्या ओळीत किती अक्षरं त्याचे. आकडे जुळले की कुठलंही गीत कुठल्याही चालीत म्हणता येई, आणि त्यापायी मराठी शब्दांचे हाल होत. दुसरी गीतं आपली, टाळ-मृदंगावरची. ती म्हणताना आमची खेड्यांतून आलेली माणसं डोलायची. मास्तरांची सगळी हयात या दुसऱ्या तऱ्हेची गीतं वाढवण्यात गेली. नवं गीत झालं की ते कुणा शास्त्र्याला दाखवत नसत. शाळेतल्या मुलींना शिकवत आणि वाट बघत. तिसऱ्या दिवशी आडावर पाणी भरणाऱ्या बायका ते गुणगुणताना ऐकू आल्या, तर गीत पास. नाहीतर कागद लीयाबाईच्या चुलीत.

एक दोष मात्र होता आणि तो मला पुष्कळ आधी दिसायला हवा होता. समोरचा माणूस खुर्चीवर बसलेला असला, की मास्तरांचा कान बंद होई. एकदा शाळातपासणीला आलेल्या साहेबानं एक धडधडीत मोडकी कविता वाचून दाखवली. आम्ही सगळे मास्तरांचा पाय कधी उचलतो याची वाट बघत होतो. मास्तर दोन्ही पाय जमिनीवर ठेवून मान डोलावत राहिले. साहेब गेल्यावर आम्हाला म्हणाले, "पाहुण्याच्या ताटातले खडे मोजू नयेत." आम्ही हसलो आणि विसरून गेलो.

आता माझ्या वडिलांविषयी सांगायला हवं, कारण गोष्ट त्यांचीच आहे. आबा नरडाण्याजवळच्या आमच्या गावी शेती करायचे. विहिरीवर मोट होती. मी विसाव्या वर्षी ख्रिस्ती झालो, तेव्हा भाऊबंदांनी आबांना नाही नाही ते ऐकवलं. आबांनी माझ्याशी चार महिने बोलणं टाकलं. मग एक दिवस मास्तर स्वतः गावी गेले. कुणाच्या घरात न शिरता थेट विहिरीवर गेले आणि बांधावर बसून आबांची मोट ऐकत राहिले. दुपार टळेपर्यंत धर्माचा विषय काढला नाही. शेवटी आबांनीच विचारलं, "काय आयकी ऱ्हायनात, मास्तर?" मास्तर म्हणाले, "तुमचं गाणं. असं मी कुठं ऐकलं नाही." त्या दिवशी आबांनी त्यांना स्वतःच्या हातानं पाणी दिलं आणि पुढच्या आठवड्यात मला घरी बोलावणं आलं.

आबांचं गाणं मोटेचं होतं. बैल धावेच्या उतारावरून खाली उतरत, तेव्हा लांब ओळ. मोट वर येऊन काठावरच्या थारोळ्यात, दगडी कुंडात, पाणी पडू लागे, तेव्हा आबा गप्प. पाणी संपलं की बैल मागं चढत, तेव्हा आखूड ओळ. लांब, गप्प, आखूड. लहानपणापासून मी हे ऐकत आलो होतो, पण त्या गप्प राहण्याला काही मोल आहे हे मला मास्तरांनी सांगितलं. दुसऱ्यांदा ते माझ्याबरोबर विहिरीवर आले, तेव्हा त्यांनी बाहीवर सगळं गाणं उतरवलं, पुन्हा पुन्हा मोजलं आणि एकदम माझा दंड धरला. म्हणाले, "रघुनाथ, हा थांबा रिकामा नाही. सहा मात्रांचा आहे. तो धरला की आवर्तन पुरं होतं, बत्तीस आणि सोळा. तुझ्या बापानं देवाला बोलायला जागा ठेवली आहे रे. आपण आपल्या प्रार्थनेत त्याला कुठं बोलू देतो?"

त्यांचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं. हे मी आजही शपथेवर सांगेन, आणि त्यामुळंच मला जास्त त्रास होतो.

या चालीवर गीत कर, म्हणून ते माझ्या मागं लागले. मी आबांना विचारलं. आबा दचकले. "हाई बैलस्नं गानं शे. देवले चाली का?" मास्तर म्हणाले, "देवाला बैलांचं वावडं नाही, आबा. तो गोठ्यातच जन्मला." आबा हसले. मग कासरा हातावर गुंडाळत मला म्हणाले, "तुना देव बदलना, बदलू दे. मनं गानं नको बदलू. पानी पडस तवपावत कोनी बोलानं नही. तठे बैल दम लेतस." आणि त्यांनी मास्तरांकडं पाहिलं. माझ्या शब्दावर त्यांचा भरवसा नव्हता. जो पोरगा घरचा देव सोडून गेला त्याच्यावर का ठेवावा? मास्तरांनी आबांचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "नाही बोलणार कुणी. मी जबाबदार." आबांनी मग त्यांना मोटेच्या नाड्यावर, बैलांमागच्या ताणलेल्या दोरावर, बसवून एक फेरी मारू दिली. गावातल्या कुणालाही त्यांनी हा मान कधी दिलेला नव्हता.

गीत मी दोन महिन्यांत केलं. आत्मा मोटेसारखा खाली जातो आणि भरून वर येतो, एवढाच अर्थ.

खोल गेलो, रिता गेलो, भरून आण मला वर;
घेई मागे, घेई मागे.

पहिल्या ओळीनंतर थांबा. मुलींना शिकवताना मास्तर त्या थांब्यात हात वर धरून उभे राहत, आणि पन्नास पोरी श्वास रोखून त्यांच्या हाताकडं बघत राहत. तिसऱ्या दिवशी आडावरच्या बायका ते म्हणत होत्या, आणि थांबाही पाळत होत्या. घागर ओतून होईपर्यंत गप्प, मग पुढची ओळ. मास्तर खिडकीतून हे बघत होते. मला हाक मारून म्हणाले, "पास. आता मी मेलो तरी चालेल." मी त्या दिवशी इतका सुखावलो होतो, की घरी जाऊन जेवलोच नाही.

त्याच वर्षी गीतांचं नवं पुस्तक निघणार होतं. निवड करणाऱ्या समितीची बैठक जळगावला भरली आणि मास्तर तिचे सभासद होते. परत आले ते एवढंच बोलले, "घेतलं तुझं गीत." मी पाया पडलो. त्यांनी पाय जरा लवकर मागं घेतले, हे मला नंतर आठवलं.

पुस्तक छापून आलं ते हंगामाच्या उपासनेच्या आदल्या दिवशी. या उपासनेला आमच्याकडं शेतकरी आपापला माल चर्चमध्ये आणून ठेवतात. मास्तरांनी आबांना मुद्दाम निरोप पाठवला होता. आबा आले. धुतलेलं धोतर, डोक्याला लाल पागोटं आणि खांद्यावर ज्वारीच्या कणसांची पेंढी. देवळात येतात तसे वहाणा बाहेर काढून आत आले आणि मागच्या जाजमावर बसले. भोवतीचे लोक सरकून त्यांना जागा देत होते. मी पुढं मुलांमध्ये होतो. माझ्या हातात पुस्तक होतं, पण मी ते उघडलं नव्हतं. स्वतःचं गीत कोण पुस्तकात बघून म्हणतं?

मडमबाईंनी पायपेटी सुरू केली. मास्तर त्यांच्या शेजारी उभे राहून हातानं ठेका देत होते. चाल आबांचीच होती. मी मान वळवून पाहिलं तर आबा तोंडातल्या तोंडात आपले शब्द म्हणत होते. पहिली ओळ संपली, आबा गप्प झाले, आणि त्या गप्प जागेत सगळं चर्च एका सुरात म्हणालं, "प्रभुराया."

मी पुस्तक उघडलं. तिथं छापलेलं होतं. पहिल्या ओळीनंतर प्रभुराया, प्रत्येक कडव्यात प्रभुराया, आणि खाली माझं नाव.

दुसऱ्या कडव्याला आबा उठले. पेंढी जाजमावरच राहिली. मी मुलांमधून वाट काढत बाहेर पळालो. आबा पायरीवर बसून वहाणा घालत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "तो शबद कोनी टाका?"

मी दाराकडं पाहिलं. मास्तर येतील आणि सांगतील, अशी माझी खात्री होती. मी बाहेर पळताना त्यांनी मला पाहिलं होतं. आत तिसरं कडवं सुरू झालं. मास्तरांचा आवाज सगळ्यांत वर होता. आबांनी आयुष्यात एकाच शिकलेल्या माणसावर विश्वास ठेवला होता. त्याच्या भरवशावर त्यांनी मला परत घरात घेतलं होतं. तो भरवसा मोडला तर आबांच्या हातात काय राहणार, असा मी विचार केला, आणि म्हणालो, "मी टाकला, आबा." मास्तर आज ना उद्या खरं सांगतीलच, तोवर मी धरून राहतो, असं मला वाटलं. आबा उठले. नरडाण्याची वाट धरून चालू लागले.

संध्याकाळी मी मास्तरांच्या घरी गेलो. लीयाबाईनं दार उघडलं आणि माझा चेहरा बघून ती आत निघून गेली. मास्तर समोरच बसले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"समितीत सहा जण होते," ते म्हणाले. "मडमबाईंनी वाजवून पाहिलं आणि थांबा आला की म्हणाल्या, इथं काहीतरी गळलं आहे. सगळ्यांनी मात्रा मोजल्या. बत्तीसच्या जागी सव्वीस भरल्या. गीत बाहेर टाकत होते, रघुनाथ."

"ती जागा मुद्दाम ठेवली आहे, हे तुम्ही सांगितलंत का?"

"सांगणार होतो."

"मग?"

"तेवढ्यात बाईंनी पेन्सिल माझ्यापुढं केली."

एवढंच झालं होतं. कुणी धाक घातला नव्हता, कुणी लालूच दाखवली नव्हती. खुर्चीवर बसलेल्या बाईनं पेन्सिल पुढं केली आणि या माणसानं ती घेतली. वर मला समजावू लागले. "दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं असतं तर वाटोळं झालं असतं. मी सहा मात्रांचा नेमका शब्द बसवला. एक मात्रा इकडची तिकडं नाही. आणि नाव देवाचंच आहे ना?" त्यांच्या आवाजात थोडी कारागिरीची ऐट होती.

मी म्हणालो, "आबांना मी सांगितलं आहे, की शब्द मी टाकला."

मास्तरांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "बरं केलंस."

पुढं मान वर करून म्हणाले, "येतो मी विहिरीवर. पुढल्या रविवारी येऊन सगळं सांगतो." तो रविवार गेला, कारण शाळेत पाहुणे होते. पुढच्या रविवारी लीयाबाईला बरं नव्हतं. पावसाळ्यात रस्ता वाईट आणि उन्हाळ्यात ऊन फार. मी दर महिन्याला विचारायचो आणि ते दर महिन्याला तितक्याच मनापासून हो म्हणायचे. अशी सहा वर्षं गेली. शाळेत आमचं काम नेहमीसारखं चाललं होतं. ते कविता चालत वाचत, मुलं हसत, मीही हसण्याच्या जागी हसायचो.

गावी जायचो तेव्हा बांधाच्या अलीकडून आबांचं गाणं ऐकू यायचं. माझी छत्री बाभळीपलीकडं दिसली की ते थांबे. मग आबा नुसतं जिभेनं टकटक करत बैल हाकायचे. गाण्याची सवय झालेले बैल धावेवर मध्येच उभे राहत आणि मागं वळून बघत. आबांना त्यांच्यावर चाबूक उगारावा लागे. जन्मात त्यांनी ज्या बैलांना मारलं नाही, त्यांना माझ्यामुळं मारत. म्हणून मी जाणं कमी केलं. एकदा न राहवून मी खरं सांगायचा प्रयत्न केला होता. म्हटलं, "आबा, तो शब्द माझा नव्हता, मास्तरांनी..." आबांनी कासरा झटकला. "मास्तरनं नाव नको लेवू. पहिले करं, आते दुसरावर ढकलस." त्यानंतर माझ्या सांगण्याला अर्थ उरला नाही. सांगू शकत होता तो एकच माणूस.

आबा गेले ते मोटेवर नाही, घरी खाटेवर, हिवताप होऊन. शेवटच्या दिवशी मी उशाशी होतो. त्यांनी पाणी मागितलं, ते आईकडून घेतलं.

तिसऱ्या दिवशी मास्तर भेटायला आले. सहा वर्षांत सापडला नाही तो रस्ता त्या दिवशी बरोबर सापडला. ओट्यावर माणसं बसली होती. माझे चुलते, नाना, त्यांच्यासाठी घोंगडी टाकत म्हणाले, "बसा मास्तर. भाऊ तुमनं मोठं नाव काढे. मरापावत एकच सांगे. मास्तर खरा मानूस, म्हने. मना पोऱ्यानीच दगा करा."

ओट्यावरचे सगळे माझ्याकडं बघत होते आणि मी मास्तरांकडं बघत होतो. मला वाटलं, आता तरी. मेलेल्या माणसाला नाही, निदान त्याच्या भावाला तरी. आई दाराआड उभी होती, तिला तरी. मास्तरांनी चष्मा काढला, उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "देवमाणूस होते. माझ्याविषयी त्यांच्या मनात काही राहिलं नाही, हे फार बरं झालं."

मी त्यांना नरडाण्याच्या स्टेशनापर्यंत सोडायला गेलो. पिशवी ते देत नव्हते तरी मी घेतली. गुरूंची पिशवी घ्यायची सवय होती. गाडी आली, मी त्यांना चढवून पिशवी आत दिली. त्यांनी खिडकीतून माझा हात धरला. "रघुनाथ, राग नाही ना?"

"नाही मास्तर," मी म्हणालो.

ते खोटं होतं आणि त्यांना ते कळलं होतं. कळूनही त्यांनी समाधानानं मान डोलावली आणि हात सोडला.